प्रत्यारोपण बालकाचे, कसोटी आई-वडिलांची

जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही बाळाची कावीळ ओसरत नाही, शौचाचा रंग पांढुरका दिसतो आणि तपासणीअंती पित्तनलिका बंद असल्याचे निदान होते. ‘बिलिअरी अट्रेझिया’ हा तो विकार. लहान मुलांत यकृत प्रत्यारोपण करावे लागण्याचे हे प्रमुख कारण होय. पहिल्या दोन महिन्यांत ‘कसाई’ शस्त्रक्रिया झाल्यास पित्ताला वाट मिळू शकते; ती निष्फळ ठरल्यास बहुधा प्रत्यारोपणावाचून गत्यंतर उरत नाही.

हे ऐकताच मातेच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : गरोदरपणी माझे काय चुकले? ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, अशी घरातील बोलणी त्यात भर घालतात. वास्तविक आईच्या आहारविहारामुळे हा विकार होत असल्याचे आढळलेले नाही आणि सहसा तो आनुवंशिकही नसतो. ही गोष्ट वडीलधाऱ्यांसमक्ष, पुनःपुन्हा सांगणे आवश्यक ठरते.

दुसरी कसोटी दात्याच्या निवडीची. यकृत पुन्हा वाढते, म्हणून आई किंवा वडील आपल्या यकृताचा साधारण पाव भाग लहानग्यास देऊ शकतात. १९९८ मध्ये दिल्लीत भारतातील बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, तेव्हा दाता पिताच होता. ज्याचे यकृत योग्य ठरते, त्याला भीती बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. ज्याचे ठरत नाही, त्याला आपण उणे पडलो असे वाटते. १९९४ च्या कायद्यानुसार दात्याची संमती स्वेच्छेची असावी लागते. म्हणून त्याच्याशी एकांतात बोलणे अगत्याचे आहे. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांचाही निकटच्या नातेवाइकांत समावेश झाला.

घरात योग्य दाता नसल्यास मरणोत्तर अवयवदानाची प्रतीक्षा करावी लागते. आपली आशा दुसऱ्या घरच्या शोकावर अवलंबून आहे, ही जाणीव पालकांना बोचते. परंतु त्यांच्या प्रतीक्षेमुळे तो मृत्यू ओढवत नाही. ते दान त्या कुटुंबाने आपणहून केलेले असते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी चिंता संपत नाही. प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवणारी औषधे बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागतात. साधा तापही घरादाराची झोप उडवितो. अशा वेळी आप्तेष्टांनी कारणे शोधीत बसू नये. भावंडाची शाळा सांभाळावी, एखादी रात्र रुग्णाजवळ बसून आईला निजू द्यावे. आई-वडिलांचे मन सावरले, तर औषधांच्या वेळाही चुकत नाहीत.