उतरणारा टप

गेल्या दिवाळीत आमच्या आदिलाबादच्या घरी नवी मोटार आली. पुतण्याने ती हैदराबादेहून स्वतः चालवत नेली आणि त्याच्या शेजारी बसण्याचा मान मला मिळाला. तीनशे किलोमीटरांची वाट. सोनच्या पुलावरून गोदावरी ओलांडली, निर्मळ मागे टाकले, घाट चढलो. पण माझ्या सदऱ्याची इस्त्री काही मोडली नाही. दारात वहिनींनी गाडीला कुंकू लावले, चाकांखाली लिंबे ठेवली. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, वयाच्या ८२ व्या वर्षी काठी टेकत अंगणात आले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पत्र्यावर बोटाने टिचकी मारली आणि मुलाला एकच प्रश्न विचारला, "याचा टप कुठून सुटतो रे?"

"सुटत नाही, बाबा. पक्का आहे."

"अस्सं," म्हणून दादा आत निघून गेले.

पुतण्याचा चेहरा उतरला. गाडी काळीभोर, देखणी, किंमत ऐकून माझ्यासारख्याला घेरी यावी अशी. आणि वडिलांनी विचारावे ते एवढेच! त्या एका "अस्सं"चा अर्थ मला पुढच्या तीन महिन्यांत थोडाथोडा उलगडत गेला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

टप ही वस्तू आपल्या जुन्या घरांना अपरिचित नाही. सुलतानबाजारातून काचीगुड्याच्या स्टेशनावर टांग्याने गेलेली मंडळी अजून आपल्यांत आहेत. पावसात टांग्याचा टप पुढे ओढला जाई, कुलीन घरची बाई बसली म्हणजे पडदा सोडला जाई. आमची आजी माहेरी जायची ती बैलांच्या दमणीतून. तिच्यावर बांबूचा तट्ट्या घालीत. उन्हे कलली की तो काढून गड्याच्या डोक्यावर देत आणि आजी उघड्या गाडीत पाय सोडून शिवार पाहत बसे. सांगायचे इतकेच, की वाहनावरचे छप्पर हे ऋतू पाहून घालायचे आणि काढायचे असते, ही समजूत आपल्याकडे मोटारीच्या आधीपासूनची आहे.

जीप आली ती या समजुतीला अगदी जुळून आली, जरी तिचा जन्म दूरचा. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलके, कुठेही जाणारे वाहन हवे होते. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला आणि पुढे विलीज व फोर्ड या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. तिला कापडी टप दिला तो शोभेसाठी नव्हे. गाडी बुटकी राहिली तर शत्रूच्या नजरेस पडत नाही, हलकी राहिली तर चिखलात रुतल्यावर चार जवान खांदा देऊन बाहेर काढतात. पुढची काचसुद्धा बिजागरीवर बसवलेली. वाटले तर बॉनेटवर आडवी पाडावी.

मुंबईच्या महिंद्र मंडळींनी १९४७ पासून या विलीज जीपा आपल्याकडे आणल्या, जोडल्या आणि पुढे इथेच घडवल्या. उंच बॉनेटची 'सीजे ३ बी' अमेरिकेत १९५३ साली निघाली. आपल्याकडे मात्र ती पुढे कित्येक वर्षे तालुक्याच्या गावोगावी दिसत होती. जंगल खात्याचा साहेब, पाटबंधाऱ्याचा इंजिनियर, निवडणुकीचा उमेदवार, सारे तिच्यातच. दादांनी १९७८ साली सरकारी लिलावात घेतली ती हीच. रंग उडालेला, टपाच्या चिंध्या झालेल्या. पहिली खरेदी त्यांनी केली ती नव्या टपाची. मग रंगाची.

आता आदिलाबादचा ऋतुमानाचा संसार ज्यांना ठाऊक आहे त्यांना टपाची महती वेगळी सांगायला नको. वैशाखात तिथे असे तापते की पत्र्याला हात लावू म्हणता लावता येत नाही. पौषात पारा दहाच्या खाली उतरतो. श्रावणात काळ्या मातीचा असा चिखल होतो की बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकतात. दादांची जीप या सगळ्यांना निरनिराळ्या वेषात सामोरी जाई. मिरगाच्या पावसात चारी बाजूंचे पडदे टिचबटणांनी घट्ट लावलेली. उन्हाळ्यात बाजूचे पडदे गुंडाळलेले, डोक्यावर तेवढी सावली. कापूस वेचणीला आला की टपही नाही आणि कमानीही नाहीत. मागे कापसाचे एवढे ढीग, की गाडी चालते की ढगच चालला आहे असे वाटावे. एकाच वाहनात छकडा, दमणी आणि बग्गी. आमच्या घरात दुसरी मोटार आली नाही याचे कारण नुसते दारिद्र्य नव्हते.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आमचा मुलूख तीन-चार भाषांचा. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्ये बदलली पण सोयरिकी राहिल्या. वाटेत मराठी भेटे, तेलुगू भेटे, उर्दू भेटे, गोंडी भेटे. टप उतरवलेल्या जीपमधून जाताना दादा दिसत, आणि दिसत म्हणून हाक येई. "पटेल, राम राम!" हाक आली की गाडी थांबे. कुणाची आजारी म्हातारी, कुणाचे पोस्टाचे काम, कुणी नुसताच बाजारापर्यंत. मागच्या आडव्या बाकांवर जागा कधी संपत नसे. बंद काचांच्या गाडीला लोक वाट देतात, हाक मारीत नाहीत. दादांना टप सुटण्याचे अप्रूप होते ते वाऱ्यासाठी नव्हे, हे मला फार उशिरा कळले.

अशी माया आमच्याच घरात होती असेही नाही. विलायतेत सॉलिहलच्या कारखान्यात २०१६ च्या जानेवारीत जुन्या घाटाची शेवटची लँड रोव्हर डिफेंडर बाहेर पडली. निरोपासाठी त्यांनी निवडली ती कापडी टपाची. २०२० साली आलेल्या नव्या डिफेंडरला मात्र तसा संपूर्ण उतरणारा टप दिला नाही. अमेरिकेत १९८७ च्या रँग्लर जीपला चौकोनी दिवे बसवले तेव्हा जुने मालक असे रुसले, की १९९७ च्या नमुन्यात दिवे पुन्हा गोल झाले. टपाला हात लावण्याचे धाडस तिथे कुणी केले नाही. तो आजही उतरतो. आपल्याकडे २०१० साली 'थार' निघाली ती कापडी टप घेऊनच. वर पत्रा हवा असेल त्याने बाजारात जाऊन बसवून घ्यावा. २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली तेव्हा कारखान्याने पहिल्यांदा पक्का टप स्वतः दिला, जोडीला कापडीही ठेवला. आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची 'थार रॉक्स' आली ती केवळ पत्र्याच्या छपराची. नाशकात घडलेली तीच आमच्या अंगणात उभी होती.

दिवाळीनंतर दादांनी आपल्या जीपचा जीर्ण टप उतरवला, त्याचे गाठोडे बांधले आणि मला बरोबर घेऊन आगगाडीने नांदेड गाठले. तिथे एका बोळात हूड शिवणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने गाठोडे सोडले, जुनी शिवण उसवून तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यांवरून नव्या कॅनव्हासवर खडूने रेघा मारू लागला. कमानीवर कापड घासते तिथे दुहेरी पट्टी, दोरी ओवायच्या भोकांना पितळी कड्या, मागच्या खिडकीला जाड प्लॅस्टिक. शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून वरून मेण. मी विचारले, "अशी कामे आता येतात का?" तो हसून म्हणाला, "कपडा तो मिल जाता साब, सबर कां से लाऊं? सब कू एक दिन में होना." दादा त्याच्या पेटीवर दिवसभर बसून राहिले. सबुरीचा प्रश्न त्यांच्यापुरता तरी सुटलेला होता.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी दादांचा वकील झालो. तसे नाही. त्या रात्री परत आल्यावर पुतण्या ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही दोघे टपाचे कौतुक करता. त्र्याण्णव साल विसरलात का?"

मी विसरलो नव्हतो. १९९३ सालच्या पावसाळ्यात, संध्याकाळी, दादा जरा जोरात होते; वळणावर म्हैस आडवी आली आणि जीप कलंडली. दोष म्हशीचा निम्मा, दादांचा निम्मा. त्या काळच्या जीपला ना डोक्यावर पोलादी कमान, ना बसणाऱ्याला पट्टा. वहिनींचे गळपट्टीचे हाड मोडले, ते आजही थंडीत ठणकते. पुतण्या आठ वर्षांचा होता. मागच्या बाकावरून उडून तो भाताच्या बांधीत पडला म्हणून वाचला. बांधीऐवजी दगड असता तर आमच्या घरातली दिवाळी तेव्हाच संपली असती.

"माझी मुलगी आज आठ वर्षांची आहे," तो म्हणाला. "मी गाडी घेताना टप पाहिला नाही, तारे पाहिले." ठोकर देऊन गाड्या तपासतात आणि त्यांना तारे देतात, हे मला त्या दिवशी कळले. २०२० च्या थारला परदेशी परीक्षेत पाचांपैकी चार मिळाले, आणि २०२४ साली रॉक्सला आपल्या भारत एनकॅपच्या परीक्षेत पाचही. यावर मी काय बोलणार? आणि आत बसून सारे ऐकणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वारा खायला पुरुष पुढे बसायचे. मागे धूळ खायला आम्ही. डोक्यावरचा पदर सांभाळता सांभाळता शिवार कोणी पाहिले?" चाळीस वर्षांच्या कौतुकाला असे उत्तर मिळाले, की दादांनीही आतून खाकरूनच दाद दिली.

मग नवा टप शिवून काय साधले? ते मला पौषातल्या अमावास्येला दिसले. केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या रात्री महापूजा होते. आमच्या घरून दरसाल कुणी ना कुणी जाते. यंदा आदिलाबादहून मुतनूरपर्यंत सारे घर नव्या मोटारीत बसले, पट्टे लावून, काचा मिटून, वहिनी पुढच्या जागेवर. जीप पुतण्याने शेतावरच्या गड्याबरोबर आधीच सावकाश पुढे धाडली होती. हे त्याने वडिलांना सांगितले नव्हते.

मुतनूरच्या फाट्यावर जीप उभी होती. तिथून आतला रस्ता माणसांनी आणि बैलगाड्यांनी असा भरलेला, की चालणाऱ्याच्या पुढे कोणतीही गाडी जाऊ शकत नव्हती. पुतण्या मोटारीतून उतरला, जीपपाशी गेला, एकेक टिचबटण उघडले, पट्टे सोडले, टप कमानीवरून मागे घेतला. मग वडिलांना धरून पुढे बसवले आणि स्वतः चाकावर बसला. मागच्या बाकावर नात, तिच्या कमरेला त्याने मुद्दाम बसवून घेतलेला पट्टा. पायी चालणाऱ्याच्या वेगाने आम्ही निघालो. पन्नास पावले गेलो नाही तोच डाव्या हाताने आवाज आला, "पटेल, राम राम!" दादांनी हात वर केला. जीप थांबली. एक म्हातारा आणि त्याची म्हातारी मागे चढली आणि नात सरकून बसली. वहिनी पाठीमागून, पदर नीट खोचून, पायीच येत होत्या. त्यांना कुणीतरी हात दिला, तर त्याही चढल्या.

रात्री दव पडले आणि नवा कॅनव्हास भिजला. पहाटे निघताना पुतण्या तो गुंडाळून बांधू लागला, तसा दादांनी काठीने त्याला थांबवले. ओला टप मिटायचा नसतो. घडीत बुरशी धरते आणि वर्षात कापड कुजते. तेव्हा ऊन वर येईपर्यंत आम्ही सारे तिथेच थांबलो. एक टोक दादांच्या हाती, दुसरे पुतण्याच्या, आणि मधे नात, हाताने कापड चाचपून दर पाच मिनिटांनी सांगत होती, "अजून ओलाच आहे, आजोबा."