गाडीवाटची जपानी

मे महिना सरत आला की देवगाव रंगारीसारख्या मोठ्या गावांत शाळांचे फलक झळकू लागतात. कुणी शिष्यवृत्तीत आलेलं, कुणी नवोदयला लागलेलं, कुणी अबॅकसमध्ये तर कुणी कराटेत पदक मिळवलेलं. ओळीने लेकरांचे फोटो आणि वर ठळक अक्षरांत शाळेचं नाव. त्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द अलीकडे बऱ्याचदा दिसतो. फोटोतल्या लेकराने मेहनत केलेली असते आणि आईबापांनी कपाशीच्या, मक्याच्या, अद्रकाच्या पैशांतून फी भरलेली असते. त्या कौतुकाला नाक मुरडायचं कारण नाही. पण आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे नेमकी कशी, असं कुणी विचारलं तर मी आपल्याच जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेचं नाव सांगेन.

गाडीवाट हे छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं गाव. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? बहुतेकांनी जपानी सांगितली. कारण काय, तर रोबोट. यंत्रमानव आणि नवं तंत्रज्ञान यांची त्यांना ओढ होती आणि ते जिथे घडतं तिथली भाषा आपल्याला यावी, एवढा सरळ त्यांचा हिशोब होता.

शाळेपुढे पेच पडला. जपानीचा अभ्यासक्रम नाही, पुस्तक नाही, शिकवणारं कुणी नाही. मुलांना आवड विचारायची आणि उत्तर अवघड निघालं की ‘बघू पुढे’ म्हणून विषय टाळायचा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. गाडीवाटच्या शिक्षकांनी ते केलं नाही. त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप धुंडाळून सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका जपानीच्या जाणकारांना हे कळलं आणि जुलै २०२० पासून त्यांनी मुलांसाठी ऑनलाइन तास सुरू केले, तेही विनामूल्य. करोनाने शाळांना कुलूप लावलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. गावाला धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट पोचलं होतं. सुमारे ७० मुलं जपानी शिकू लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली.

बातमीत भर होता तो खेड्यातल्या मुलांच्या तोंडी जपानी आली याच्या नवलावर. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी फोनच्या अडचणीतून काढलेली वाट. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. ज्याच्याकडे फोन तो शिकणार आणि दुसरा मागे राहणार, ही त्या वर्षी गावोगावची रड होती. गाडीवाटच्या शाळेने ‘विषयमित्र’ नेमले. ऑनलाइन तासाला बसलेल्या मुलाने आपण शिकलेलं फोन नसलेल्या सोबत्याला शिकवायचं. आता ज्याने कधी कुणाला गणित समजावून सांगितलं आहे त्याला ठाऊक असेल, सांगताना आपल्यालाच ते दुसऱ्यांदा आणि जास्त नीट कळतं. उद्या सोबत्याला सांगायचं आहे म्हणून कान देऊन ऐकणारा मुलगा आणि हजेरीपुरता बसलेला मुलगा यांच्यात फार अंतर पडतं.

जपानी ऐकायला परकी वाटली, तरी मराठी मुलाला ती काही बाबतींत इंग्रजीपेक्षा जवळची आहे. ‘मी गाडीवाटच्या शाळेत जाते’ हे वाक्य घ्या. जपानीत ते ‘वाताशि वा गाडीवाट नो गाक्को नि इकिमासु’ असं होईल. ‘वाताशि वा’ म्हणजे मी, ‘गाडीवाट नो’ म्हणजे गाडीवाटच्या, ‘गाक्को नि’ म्हणजे शाळेत आणि ‘इकिमासु’ म्हणजे जाते. क्रम जसाच्या तसा. क्रियापद शेवटी, आणि नामाला लागणारा तुकडा आपल्या प्रत्ययासारखा नामाच्या मागे. उलट क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे मुलगा बोलला काय आणि मुलगी बोलली काय, ‘इकिमासु’च.

लिपीचीही तीच गोष्ट. जपानीतल्या हिरागाना लिपीची आज वापरात असलेली ४६ मूळ अक्षरं आहेत. त्यांच्या तक्त्यात आधी स्वर येतात, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. हा क्रम ऐकताना आपली मुळाक्षरं आठवतात आणि त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, आणि त्या वर्णमालेच्या अभ्यासातून जपानी अक्षरांना ही मांडणी मिळाली. खरी चढण लागते ती पुढे, कांजी चिन्हांपाशी. नित्य वापरासाठी ठरवून दिलेलीच २,१३६ आहेत आणि ती एकेक करून पाठ करावी लागतात. तिथे सातत्य लागतं, आणि एखाद्या वर्षाच्या उत्साहावर ते भागत नाही.

शिवाय आपल्या जिल्ह्याला जपान काही नवा नाही. अजिंठ्याची बौद्ध लेणी पाहायला जपानी पर्यटक कित्येक वर्षांपासून येतात. अजिंठा-वेरूळचं जतन आणि पर्यटनविकास यासाठी जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये कर्ज दिलं. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेत येते, तिच्या उभारणीतही जपानचं सहकार्य आहे. म्हणजे गाडीवाटच्या मुलांनी हवेत बाण मारला नव्हता. जपानी बोलणाऱ्या माणसाला इथे काम मिळू शकतं. मुलांनी ते रोबोटच्या ओढीने निवडलं, पण निवडलं नेमकं.

‘आंतरराष्ट्रीय शाळा’ ही कल्पना तशी शंभर वर्षांची. १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. बदल्यांमुळे देशोदेशी फिरणाऱ्या मुलांची परीक्षा सगळीकडे चालावी म्हणून १९६८ मध्ये तिथेच ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ उभं राहिलं. भारतात ते १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेत आलं. त्या मुलांची गरज वेगळी होती. आपल्या मुलांना जन्मगाव आहे, मातृभाषा आहे, शेत आहे. त्यांना हे सगळं पायाखाली ठेवून जगाकडे हात पुढे करता आला पाहिजे.

महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये याच विचाराने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं होतं. पहिल्या टप्प्यात १३ सरकारी शाळा ‘ओजस’ म्हणून निवडल्या. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यात सर्वांत गाजली. काचेच्या भिंतींचे वर्ग पाहायला लोक लांबून येत. पण त्या वर्गांच्या आधी गावकऱ्यांनी जागा दिली होती आणि शाळेसाठी खिशात हात घातला होता, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात कमी राहिलं. पुढे सरकार बदललं आणि मंडळ बंद झालं. मला याचं वाईट वाटतं. शाळेला बहरायला दहा वर्षं लागतात आणि मंत्रालयातल्या योजनेला तेवढा धीर नसतो. तरी जे काम गावाच्या जिवावर उभं होतं ते मंडळासोबत संपलं नाही. पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून अशीच उभी राहिली. २०२५ मध्ये तिने ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळवला. आणि तिची ओळख कशासाठी? वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात यासाठी. तिथेही विषयमित्रच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव तर घराघरांत पोचलेलं आहे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली. पुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची युक्ती राज्याने उचलली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या मुलांची इंटरनेटवर गाठ घालून दिली, त्याची चर्चा मात्र कमी झाली. मला त्यांचं ते काम सर्वांत मोठं वाटतं.

देवगाव रंगारीच्या मुलांसाठी तर जगाकडे उघडणारं असं एक दार तालुक्याच्या गावीच आहे. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कन्नडला आहे. सहावीला ८० जागा, त्यांतल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण भागासाठी राखीव. राहणं, जेवण, शिक्षण सरकारी. देशातली पहिली दोन नवोदय झाली त्यांतलं एक आपल्या अमरावतीचं. नवोदयची प्रवेश परीक्षा सर्वांना माहीत असते, पण तिथली एक पद्धत फारशी कुणी सांगत नाही. नववीतली काही मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये राहायला जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात. चौदा वर्षांचं पोर परक्या भाषेच्या गावात वर्षभर राहतं, तिथलं जेवतं, तिथल्यांशी भांडतं, मैत्री करतं. जग बघणं याहून वेगळं काय असतं?

म्हणून देवगाव रंगारीतल्या आणि आसपासच्या आईबापांना माझं सांगणं आहे. शाळा निवडताना फलकावरची पदकं जरूर बघा, पण आत जाऊन एक तास बसा. मूल प्रश्न विचारतं का, आणि विचारल्यावर बाई किंवा गुरुजी त्या प्रश्नाच्या मागे जातात का, ते बघा. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाला कोण शिकवतं, तेही विचारा. आणि लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक चुकवू नका. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं आहे. या जूनमध्ये त्या बैठकीला जा, आणि तुमच्या मुलांना कोणती भाषा शिकायची आहे, हे तिथे विचारायला लावा.