जुना संगणक आणि दर्याचा नकाशा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा जो विस्तीर्ण परंतु उथळ उपसागर आहे, त्यात सुट्टीच्या दिवशी आपली लहानशी शिडाची होडी हाकारणारा माझा मावसभाऊ यंदा घरी आला, तेव्हा त्याने आपला बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "दादा, यावर दर्याचा नकाशा चालेल, की हाही भंगारात घालू?" चार जीबी स्मृतीचा तो संगणक सुरू व्हायलाच दोन मिनिटे घेत होता; तरीही मी त्याला भंगाराचा विचार सोडायला सांगितले. कारण या कामी संगणकाची चिंता सर्वांत शेवटी करावयाची असते. ज्या पाण्यात जावयाचे तेथील कोणता नकाशा मिळतो हे प्रथम पाहावे, आणि तो वाचणारी प्रणाली त्यानंतर निवडावी.

नकाशांचे प्रकार दोन. पहिला म्हणजे कागदी नकाशाची हुबेहूब प्रतिमा. दुसऱ्यात प्रत्येक खोली, बोया आणि खडक यांची तपशीलवार नोंद स्वतंत्र ठेवलेली असते व त्या नोंदींवरून संगणक चित्र रेखाटतो. पहिला प्रकार जुन्या यंत्राला सोसतो, आणि सीक्लिअरसारख्या जुन्या, हलक्या प्रणाली त्याच्याच आधाराने चालत आल्या. परंतु 'नोआ' या तेथील सरकारी संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे कागदी व प्रतिमारूप नकाशे टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि २०२५ उजाडेपर्यंत ते काम संपलेही. यापुढे सरकलेली वाळू आणि हलवलेले बोये केवळ दुसऱ्या प्रकारच्या नकाशांत उतरणार. हे नकाशे नोआ विनामूल्य देते. ते एस-५७ या आंतरराष्ट्रीय नमुन्यात असतात. जी प्रणाली हा नमुना वाचत नाही, ती कितीही चपळ असली तरी चेसापीकसाठी मी तिची शिफारस करणार नाही.

म्हणून आम्ही ओपनसीपीएन घेतली. ती फुकट आहे आणि विंडोजप्रमाणेच लिनक्सवरही चालते. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यावर आणि विंडोज ११ जुने प्रोसेसर स्वीकारीत नसल्यामुळे या दुसऱ्या सोयीचे मोल मोठे. जुन्या यंत्राला खरा भार पडतो तो एकदाच: एस-५७ चा नकाशा पहिल्यांदा उघडताना प्रणाली त्याचे आपल्या सोयीच्या रूपात परिवर्तन करते, त्या वेळी पंखा घरघरू लागतो आणि पडदा थिजल्यासारखा होतो. हे काम होडीत नव्हे, घरी करून ठेवावे, आणि तेही आपल्या वाटेवरच्या नकाशांपुरतेच. चित्र लुकलुकू लागल्यास ग्राफिक्सची प्रवेगक सोय, म्हणजे ओपनजीएल, बंद करावी. जीपीएसचा भार नगण्य. त्याच्याकडून सेकंदाला मजकुराच्या काही ओळी येतात, एवढेच.

यंत्राचे इतके पुरे. मला अधिक काळजी वाटते ती पडद्याच्या विलक्षण स्वच्छपणाची. वीस हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात वीस मीटर. पण पडद्यावर तोच भाग मोठा करीत गेले की होडीची खूण खडकापासून तसूभर अंतरावर सुरक्षित असल्यासारखी दिसू लागते, आणि मापनाची मूळ अचूकता मात्र यत्किंचितही वाढलेली नसते. नोआच्या नकाशांतील कितीतरी खोल्या शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडून मोजलेल्या, त्या काळच्या सर्वेक्षणांतून आलेल्या आहेत. सुदैवाने सर्वेक्षणाचा दर्जाही नकाशात नोंदलेला असतो. मी भावाला एक जागा दाबून दाखवली: दर्जा 'बी'. अर्थात स्थानात पन्नास मीटरपर्यंत आणि खोलीत एक मीटर अधिक खोलीच्या दोन टक्के इतकी चूक संभवते. तेथे नकाशा अडीच मीटर पाणी दाखवीत होता. त्याच्या होडीचा पाण्याखालचा भाग दीड मीटर. राहिलेले एक मीटर त्या संभाव्य चुकीने सबंध गिळले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्या कोकणच्या दर्यासाठी कोणी ही खटपट करू इच्छीत असेल, तर अधिकृत भारतीय नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात सिद्ध होतात आणि ते विकत घ्यावे लागतात, हे ध्यानी घ्यावे. मोफत प्रणाली मिळाली म्हणजे नकाशाही मोफत मिळाला, असे नाही. विकतचे नकाशे बहुधा कुलूपबंद असतात. ते कुलूप आपली प्रणाली उघडू शकते काय, याची पैसे भरण्यापूर्वीच चौकशी करावी.

रात्रभर तो लॅपटॉप नकाशांचे परिवर्तन करीत राहिला. सकाळी चहा घेता घेता भावाने आपला नेहमीचा मार्ग पडद्यावर उघडला, ज्या ज्या ठिकाणी तो उथळाला खेटून जात होता तेथील दर्जा एकेक करून पाहिला, आणि तीन ठिकाणी रेघ खोल पाण्याकडे सरकवली.