पॉर्न, सरकार आणि खरा इशारा : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

मुंबईच्या लोकलमध्ये दाराशेजारी चिकटवलेली ती पत्रकं सगळ्यांनीच वाचलेली असतात, वाचत नाही असं दाखवत. 'गुप्त समस्या', 'तरुणपणातल्या चुका', 'खात्रीशीर इलाज', आणि खाली एक मोबाइल नंबर. लैंगिकतेबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत सहज दिसणारा जाहीर इशारा तोच, आणि तो खोटा. हस्तमैथुनाने माणूस खंगत नाही. आधी भीती घालायची आणि मग औषध खपवायचं, असा तो धंदा.

पॉर्नोग्राफीवर सरकारने नियंत्रण ठेवावं का, तिच्या दुष्परिणामांचा इशारा द्यावा का, हा वाद निघाला की मला हे पत्रक आठवतं. एक बाजू म्हणते, सगळं बंद करा. दुसरी म्हणते, कुणाच्या फोनमध्ये काय आहे याच्याशी तुम्हाला काय करायचंय? समजुतीचे घोटाळे दोन्हीकडे आहेत. त्यातले नेहमी भेटणारे इथे घेतले आहेत.

गैरसमज १ : भारतात पॉर्न पाहणं हाच गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : प्रौढ माणसाने प्रौढांचं पॉर्न स्वतःपुरतं, खासगीत पाहणं हा गुन्हा नाही. रस्त्याकडेला उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर असा व्हिडिओ पाहणाऱ्या माणसावरचा खटला केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केला, तो याच कारणाने.

गुन्हा आहे तो असा मजकूर विकणं, प्रसिद्ध करणं आणि पाठवणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये अश्लील मजकुरासाठी पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तर कलम ६७-अ मध्ये उघड लैंगिक कृत्याच्या चित्रणासाठी पाच वर्षांपर्यंत. मित्रांच्या ग्रुपवर 'गंमत म्हणून' व्हिडिओ फॉरवर्ड केला, की माणूस बघणाऱ्यांतून पाठवणाऱ्यांत जातो. हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

थोडक्यात, नियंत्रण असावं की नसावं हा प्रश्न आपल्यापुरता जुना झाला. नियंत्रण आहेच. ते नेमकं कुणावर चालतं, हे बघायला हवं.

गैरसमज २ : लहान मुलांचे व्हिडिओ कुणाला पाठवले नाहीत, नुसते पाहिले, तर काही होत नाही.

वस्तुस्थिती : इथे कायदा पूर्ण बदलतो. कलम ६७-ब खाली असा मजकूर शोधणं, पाहणं, डाउनलोड करणं हेही गुन्हे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका तरुणावरचा असा खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो निकाल फिरवला. असा मजकूर जवळ ठेवला, पुसला नाही आणि कळवलाही नाही, तर त्यावरून पुढे पाठवण्याचा हेतू गृहीत धरता येतो आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम १५ लागू होऊ शकतं, असं न्यायालयाने सांगितलं.

त्याच निकालात 'चाइल्ड पॉर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नये, असंही म्हटलं आहे. कारण ती करमणुकीची एखादी शाखा नव्हे. प्रत्येक चित्रफितीमागे एका मुलावर झालेला अत्याचार असतो. असं काही फोनवर आलं तर पोलिसांना कळवा. 'बघा, काय काय चाललंय' म्हणून संतापाने पुढे पाठवणाराही गुन्हाच करत असतो.

गैरसमज ३ : सगळ्या साइट बंद केल्या की प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : हे आपण करून पाहिलं आहे. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली. गदारोळ झाला आणि चारपाच दिवसांत आदेश सैल करावा लागला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच यादीतली ८२७ पुन्हा बंद झाली. मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी मंचांवर कारवाई झाली, जुलै २०२५ मध्ये आणखी २५ वर. नाव थोडं बदलून तीच साइट दुसऱ्या पत्त्यावर उभी राहते आणि व्हीपीएन कसं लावायचं हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असतं.

त्यातही मुलांची या मजकुराशी भेट होते ती जागा वेगळीच असू शकते. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी जानेवारी २०२३ मध्ये १६ ते २१ वयाच्या मुलामुलींचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. पॉर्न कुठे पाहिलं, या प्रश्नावर ४१ टक्क्यांनी ट्विटरचं नाव घेतलं, तर खास पॉर्न साइटचं ३७ टक्क्यांनी. पुढच्या दाराला कुलूप लावून माजघराची खिडकी उघडी ठेवण्यासारखं हे आहे.

गैरसमज ४ : अश्लील काय ते सगळ्यांना कळतं, सरकारने फक्त कात्री चालवायची.

वस्तुस्थिती : मराठी वाचकाला तरी हे पटू नये. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ मध्ये सुरू झालं आणि अश्लीलतेच्या खटल्यांनी त्यांचा पिच्छा पुरवला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९६९ मध्ये ते सुटले.

कायद्याची फूटपट्टीही बदलत आली आहे. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याला दोषी ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने १८६८ ची इंग्लंडमधली कसोटी उचलली होती. ज्यांच्या मनावर सहज वाईट परिणाम होईल, अशांना हे बिघडवेल का, अशी ती कसोटी. २०१४ मध्ये न्यायालयाने ती सोडली आणि संपूर्ण कृती आजच्या समाजाच्या नजरेतून पाहावी असं ठरवलं. कात्री बोथट असली की पिवळी पुस्तकं सुटतात आणि 'समाजस्वास्थ्य' कापलं जातं.

गैरसमज ५ : तिनेच फोटो काढू दिला, मग तो पसरला तर दोष तिचाच.

वस्तुस्थिती : कायदा नेमका उलट सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की स्त्रीने खासगी क्षण टिपायला संमती दिली असेल, पण इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हा आहे. ही तरतूद मुळात २०१३ मध्ये, निर्भया प्रकरणानंतरच्या दुरुस्तीत जुन्या दंड संहितेत आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई पुरुषांनाही संरक्षण देतं. असा मजकूर तक्रारीनंतर काढून टाकण्यासाठी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना सुरुवातीला २४ तासांची मुदत घालून दिली होती.

आता तर फोटो काढू द्यायचीही गरज उरलेली नाही. डीपट्रेस या संस्थेने २०१९ मध्ये इंटरनेटवरचे डीपफेक व्हिडिओ मोजले, तेव्हा त्यातले ९६ टक्के संमतीविना बनवलेले पॉर्न होते. सरकारी नियंत्रणाची सर्वांत जास्त गरज इथे आहे, आणि 'संस्कृती बुडाली' म्हणणाऱ्या भाषणांत याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

गैरसमज ६ : पॉर्न म्हणजे ड्रग्जसारखंच व्यसन. किंवा : पॉर्नने कुणाचं काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आहे. मात्र तो व्यसनांच्या गटात नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. निदानासाठी हे वर्तन दीर्घकाळ चालू असावं लागतं, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक, आणि त्याने काम, नाती, प्रकृती यांची हानी होत असावी लागते. केवळ 'मी पाप करतोय' या टोचणीने होणारा त्रास निदानाला पुरत नाही, हेही तिथे नोंदवलेलं आहे.

म्हणजे काहींचं खरंच बिघडतं. झोप, अभ्यास, नोकरी, जोडीदाराशी असलेलं नातं या सगळ्यावर परिणाम होतो, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. पण जो कोणी पाहतो तो व्यसनी, असं विज्ञान म्हणत नाही.

मुलांची गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या त्याच अहवालात पॉर्न पहिल्यांदा दिसण्याचं सरासरी वय १३ निघालं. अठरा वर्षांचे होण्याआधी हिंसक पॉर्न पाहिल्याचं ७९ टक्क्यांनी सांगितलं. शरीरसंबंध म्हणजे काय हे ज्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही, त्याचा पहिला धडा गळा दाबण्याचा असू शकतो. काळजी करायची ती याची.

गैरसमज ७ : पॉर्न मोकळं केलं की बलात्कार वाढतात, हे सिद्ध झालंय.

वस्तुस्थिती : डेन्मार्कने १९६९ मध्ये चित्रमय पॉर्नवरची बंदी उठवली. त्यानंतर तिथे लैंगिक गुन्ह्यांची लाट आली नाही. काही प्रकारचे गुन्हे कमी झाले. यावरून पॉर्नने गुन्हे घटतात असंही सिद्ध होत नाही, कारण समाजात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलत असतात. आधीपासून आक्रमक वृत्ती असलेल्यांवर हिंसक पॉर्नचा परिणाम काय होतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे. प्रत्येक बलात्काराचं खापर मोबाइलवर फोडलं, की तपासातली हयगय, रखडलेले खटले आणि घरातल्याच ओळखीच्या आरोपीवरचं लक्ष उडतं.

गैरसमज ८ : सिगारेटच्या पाकिटासारखी वैधानिक सूचना टाकली की झालं.

वस्तुस्थिती : सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग आपल्याकडे २०१६ पासून धोक्याच्या सचित्र इशाऱ्याने झाकलेला असतो. तो इशारा उभा राहतो, कारण तंबाखू आणि कर्करोगाचं नातं अनेक दशकांच्या संशोधनाने पक्कं झालं आहे. पॉर्नबद्दल तितकं पक्कं वाक्य अजून लिहिता येत नाही.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २०२३ च्या कायद्यात ते लिहून पाहिलं. पॉर्नने मेंदूच्या वाढीला हानी होते हे सिद्ध झालं आहे, अशा आशयाची सूचना राज्याच्या आरोग्य खात्याच्या नावाने साइटवर झळकवायची होती. मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्याच कायद्यातली वयतपासणी चालू दिली, पण ही सूचना अडवली. वादग्रस्त दावा निर्विवाद सत्य म्हणून कुणाच्या तोंडी घालता येत नाही, हे कारण. वयतपासणी पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकली.

माझं मत असं : सरकारने इशारा जरूर द्यावा, पण जे खरं आहे तेच सांगावं. 'हे चित्रीकरण आहे, यातली हिंसा शिकण्यासाठी नाही.' 'समोरच्याची संमती लागते.' 'दुसऱ्याचा खासगी फोटो संमतीविना पाठवणं गुन्हा आहे.' 'ताबा सुटत असेल तर मदत मिळते.' यातलं एकही वाक्य कुठल्याही न्यायालयात पडणार नाही. 'मेंदू सडतो' असं सांगितलं, तर मुलगा आठवड्याभराने स्वतःकडे बघेल, मेंदू जागेवर असल्याची खात्री करून घेईल आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही हसेल. नाहीतर घाबरून लोकलमधल्या पत्रकावरचा नंबर फिरवेल.

गैरसमज ९ : वय तपासलं की मुलं सुरक्षित.

वस्तुस्थिती : ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून पॉर्न साइटना वयाची खरी तपासणी सक्तीची केली. त्याच आठवड्यात तिथल्या डाउनलोडच्या यादीत व्हीपीएनची अ‍ॅप वर चढली. तरीही 'मी अठरा वर्षांचा आहे' एवढ्या एका बटणापेक्षा ही भिंत उंच आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ती अडवते, सोळा वर्षांच्या मुलाला फारशी नाही. शिवाय कोण काय पाहतो याची ओळखपत्रांसकट यादी कुणाकडे जमा होते, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे असा कायदा करायचा असेल, तर ती यादी कुणी ठेवायचीच नाही, ही पहिली अट हवी.

गैरसमज १० : शाळेत लैंगिक शिक्षण दिलं की मुलं बिघडतील.

वस्तुस्थिती : २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीचा केंद्राचा शिक्षण कार्यक्रम अनेक राज्यांनी नाकारला. त्यात महाराष्ट्रही होता. त्यानंतर मुलांच्या हाती स्मार्टफोन आला. शाळेने न शिकवलेला विषय मुलं तिथे शिकली. नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असं युनेस्कोचं मार्गदर्शन सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्या व्हिडिओंबद्दलच्या २०२४ च्या त्या निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची शिफारस केली.

सरकार साइट बंद करील, कायदे करील. पण इशारा ऐकला जातो तो विश्वासातल्या माणसाचा. म्हणून घरी एवढं तरी सांगून ठेवा : 'फोनवर तसलं काही दिसलं, कुणी तुझा फोटो मागितला किंवा फोटोवरून धमकी दिली, तर आधी मला सांग. मी ओरडणार नाही.' धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा. सायबर गुन्ह्यासाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८. महिला आणि मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते. प्रौढ व्यक्तीचे खासगी फोटो पसरू नयेत म्हणून 'स्टॉप एनसीआयआय' आणि अठराखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' या मोफत सेवा आहेत. त्यासाठी मूळ फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. हे नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि मुलांच्याही.