बसचा नकाशा आणि आपली वस्ती

1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा तेथील महारवाड्यातील मंडळी त्यांना न्यायला आली होती. महार उतारू बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने द्यायला मात्र ते राजी होते. अखेर हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आज मुंबईच्या बसमध्ये चढणाऱ्याला कंडक्टर जात विचारीत नाही. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी या शहरातली पहिली बस धावली. तिकीट घेईल त्याला बसायची जागा, हा नियम आपल्या समाजाच्या दृष्टीने लहान नव्हता. परंतु तिकीट सर्वांना सारखे असले म्हणजे सेवा सर्वांना सारखी मिळते असे नव्हे. बस कोणत्या वस्तीत जाते, किती मिनिटांनी येते आणि कोणाला थांब्यावर ताटकळत ठेवते, हे कोठेतरी ठरवले जाते. ते ठरवण्यामागचा हिशेब अवघड नाही. तो आपल्याला येत नाही म्हणूनच आपली मागणी 'बस वाढवा' या दोन शब्दांपलीकडे जात नाही.

मी पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत वाढलो आणि आता शाळेत गणित शिकवतो. माझी आई सफाई कामगार होती. हजेरी सकाळी लवकर असे. हजेरी चुकली की खाडा पडे. बस वेळेवर येईल याचा भरवसा नसल्यामुळे ती रोज गरजेपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी घर सोडी. हा अर्धा-पाऊण तास कोणत्याही कागदावर नोंदला गेला नाही. त्याची मजुरी तिला मिळाली नाही आणि वाहतुकीच्या खर्चातही तो कोणी धरला नाही. मी पुढे हिशेब शिकलो तो याच नोंदीपासून.

पहिली गोष्ट प्रतीक्षेची. दर दहा मिनिटांनी बस येत असेल, तर उतारूला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. दर तीस मिनिटांनी येत असेल, तर सरासरी पंधरा. वाटेत बस बदलायची असेल आणि दुसरीही बस तीस मिनिटांनी येत असेल, तर आणखी पंधरा. म्हणजे जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास नुसते उभे राहण्यात जातो. रस्ता तोच, अंतर तेच, बसचा वेगही तोच; परंतु दहा मिनिटांच्या मार्गावरचा माणूस आणि तीस मिनिटांच्या मार्गावरचा माणूस दोन वेगवेगळ्या शहरांत राहतात. म्हणून नकाशावर रेघ आहे एवढ्याने समाधान मानू नये. त्या रेघेवर किती मिनिटांनी बस येते हा खरा प्रश्न होय.

दुसरी गोष्ट बसच्या संख्येची. एखाद्या मार्गावर बसला एक पूर्ण फेरी, म्हणजे जाणे, येणे आणि टोकावरची विश्रांती, करायला 120 मिनिटे लागतात असे समजा. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर 12 बस लागतील. आता रस्त्यावर खाजगी मोटारी वाढल्या आणि फेरीला 150 मिनिटे लागू लागली. त्याच 12 बस साडेबारा मिनिटांनी येऊ लागतील, किंवा दहा मिनिटांचे अंतर राखायला 15 बस लागतील. म्हणजे मोटारवाल्यांनी अडवलेल्या रस्त्याची किंमत तीन बस, त्यांचे ड्रायव्हर आणि त्यांचे इंधन अशी बसच्या उतारूने भरायची. याउलट बसला वेगळी मार्गिका मिळाली आणि फेरी 90 मिनिटांत होऊ लागली, तर तेवढ्याच 12 बस साडेसात मिनिटांनी येतील. एकही नवी बस न घेता सेवा सुधारते. म्हणून रस्त्याच्या वाटणीचा प्रश्न हा बसच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

तिसरी गोष्ट नियमिततेची. वीस मिनिटांत दोन बस येतात असे कागदावर लिहिले असेल. त्या दहा-दहा मिनिटांनी आल्या तर सरासरी प्रतीक्षा पाच मिनिटांची. परंतु दोन्ही एकामागोमाग आल्या आणि मग वीस मिनिटे काहीच आले नाही, तर प्रतीक्षा दहा मिनिटांची, म्हणजे दुप्पट. शिवाय पहिली बस खच्चून भरलेली आणि दुसरी रिकामी. कागदावर मात्र दोन फेऱ्या झाल्याच! अधिकाऱ्यांचे आकडे आणि आपला अनुभव यांत जी तफावत दिसते, तिचे एक मोठे कारण हे आहे.

चौथी गोष्ट निवडीची, आणि येथे गणित संपून राजकारण सुरू होते. बस मर्यादित असतील तर त्या मोजक्या गर्दीच्या रस्त्यांवर दाटीने चालवता येतात, किंवा दूरदूरच्या प्रत्येक वस्तीपर्यंत विरळ पसरता येतात. पहिल्याने उतारू अधिक मिळतात. दुसऱ्याने कोणीही अगदीच वाऱ्यावर राहत नाही. दोन्ही हेतू रास्त आहेत. परंतु त्यांचे प्रमाण किती असावे हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. तोट्यातला मार्ग म्हणून एखादी बस बंद होते, तेव्हा शास्त्राच्या नावाखाली कोणीतरी आपल्या वतीने ही निवड केलेली असते.

या दृष्टीने मानखुर्द-गोवंडीचा एम पूर्व विभाग पाहा. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सर्वांत तळाला होता. शहराला जे जे नको ते येथे आणून टाकले: देवनारचे कचऱ्याचे डोंगर, कत्तलखाना, आणि विस्थापित माणसेही. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प झाला. रेल्वेरूळ व रस्ते वाढवण्यासाठी हजारो झोपड्या हटवल्या गेल्या आणि त्यांतील अनेक कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये, वाशी नाक्यावर घरे दिली गेली. वाहतूक सुधारावी म्हणून ज्यांचे घर मोडले, त्यांचा कामावर जाण्याचा रस्ता लांबला. पुरुष कसेबसे गाडी पकडून गेले. घरकाम करणाऱ्या अनेक बायांची जुन्या वस्तीजवळची कामे सुटली. इमारत मिळाली, परंतु रोजी बसच्या पलीकडे राहिली.

आता पैसा कोठे जातो ते पाहू. बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या. 2025 पर्यंत ही संख्या तीन हजारांच्या खाली आली, आणि त्यांतीलही बहुतांश कंत्राटदारांच्या. या कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी ऑगस्ट 2023 मध्ये संप केला, तेव्हा अनेक दिवस शहराची बससेवा कोलमडली. मे 2025 मध्ये साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. याच काळात, मार्च 2024 मध्ये, तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर मोटारीला पथकर नाही. दुचाकीला प्रवेशच नाही. मोटार फुकट धावते आणि बसचे तिकीट दुप्पट होते. बस बदलावी लागली तर, पास नसल्यास, ते पुन्हा काढावे लागते. यात कोणाच्याही तोंडी जात येत नाही, तरी लाभ कोणाला आणि भार कोणावर हे उघड आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हे दोन्ही टप्पे पाहिले आहेत. 1955-56 मध्ये माँटगोमेरी येथे त्यांचा लढा बसमधील जागेसाठी होता. 381 दिवस ते पायी चालले आणि जिंकले. परंतु 1994 साली लॉस एंजेलिसच्या वाहतूक प्राधिकरणाने रेल्वेमार्गांवर अफाट खर्च चालू ठेवून बसचे भाडे वाढवायचे व मासिक पास बंद करायचा ठरवला, तेव्हा प्रश्न जागेचा उरला नव्हता, सेवेचा होता. तेथील 'बस रायडर्स युनियन'ने, म्हणजे उतारूंच्या संघटनेने, 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे दावा लावला. 1996 मध्ये न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा झाला. पास टिकला. एवढेच नव्हे, तर गर्दीच्या वेळी बसमध्ये सरासरी किती माणसे उभी असावीत याची मर्यादा ठरली: प्रथम 15, मग 11 आणि 2002 पर्यंत 8. दहा वर्षांनी हुकूमनाम्याची मुदत संपली. तरीही धडा राहतोच. त्यांनी 'गर्दी कमी करा' असे म्हटले नाही. त्यांनी आकडा मागितला, आणि आकडा मोडला की तो दाखवता येत होता.

आपल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी हेच करावे असे मला वाटते. वस्तीच्या थांब्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वही घेऊन बसावे. बस किती वाजता आली, तिच्यात किती उभे होते, किती जण मागे राहिले, एवढे लिहावे. माहिती अधिकाराखाली त्या मार्गाच्या ठरलेल्या फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या मागवाव्यात. दोन्ही कागद शेजारी ठेवून वस्तीच्या सभेत वाचावेत. मग मागणी अशी करावी: या थांब्यावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दोन बसमध्ये दहा मिनिटांहून अधिक अंतर नको, बस बदलली तरी तिकीट एकच हवे, अमुक रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका हवी, ड्रायव्हर-कंडक्टरला कायमची नोकरी हवी.

मेट्रो नको, असे मी म्हणत नाही. ज्या शहरात आपली माणसे पहाटे रस्ते झाडतात, त्या शहरात त्यांचा वेळ मोजला जावा, एवढेच म्हणतो. दुसरे कोणी तो मोजणार नाही. वहीला फार खर्च येत नाही.