प्राथमिक स्तरावर युरोपियनांच्या आगमनाचे अध्यापन : एक विचार

'वास्को द गामाने १४९८ मध्ये भारताच्या सागरी मार्गाचा शोध लावला' हे वाक्य शालेय जीवनानंतरही अनेकांच्या स्मरणात राहते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. पोर्तुगालच्या दृष्टीने तो शोधच होता. परंतु नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मनात या वाक्याने जे चित्र उमटते, त्यात ते मूल गलबताच्या डोलकाठीजवळ उभे असते आणि समोर एक अनोळखी किनारा असतो. वस्तुतः त्या किनाऱ्यावर त्याच्याच देशातील माणसे होती. 'शोध' या एका शब्दामुळे मुलाला स्वतःच्या घराकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय लागते आणि लहान वयात बसलेली ही चौकट पुढे महाविद्यालयीन वर्गातही सहजासहजी सुटत नाही. म्हणून या पाठाची सुरुवात किनाऱ्यावरून होणे अगत्याचे आहे.

त्यासाठी लागणारी सामग्री कालिकतच्या प्रसंगातच आहे. गामाच्या ताफ्यातील एका अनामिक सहप्रवाशाची रोजनिशी उपलब्ध आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला, तेव्हा हा ताफा चार आठवड्यांच्या आत अरबी समुद्र ओलांडून आला. म्हणजे वाट आधीच रुळलेली होती. मे १४९८ मध्ये किनाऱ्यावर पाठविलेल्या पहिल्या माणसाची गाठ पडली ती स्पेनची भाषा जाणणाऱ्या ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी. पुढे सामुतिरी राजासाठी गामाने भेटवस्तू मांडल्या : कापडाचे बारा तुकडे, चार तांबडी शिरोवस्त्रे, सहा टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपे. राजाचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक देतो, असे त्यांनी सुनावले.

ही यादी वर्गात फळ्यावर लिहावी आणि अधिकारी का हसले, एवढाच प्रश्न विचारावा. श्रीमंत बंदर, जुना व्यापार आणि तेथील रीतीभाती न जाणणारा पाहुणा, या तिन्ही गोष्टी मुले स्वतः सांगू शकतात. त्यांना साम्राज्यवादाची व्याख्या देण्याची गरज या इयत्तेत नसते.

दुसरी अडचण कालबोधाची. 'युरोपियन आले आणि त्यांनी राज्य केले' असे एका दमात सांगितल्याने आगमन आणि सत्ता या दोन घटना मुलांच्या मनात एकच होऊन बसतात. एका वर्षाला एक सेंटिमीटर या मापाने भिंतीवर दोरी ताणली, तर १४९८ पासून १७५७ च्या प्लासीच्या लढाईपर्यंत २ मीटर ५९ सेंटिमीटर आणि तेथून १९४७ पर्यंत केवळ १ मीटर ९० सेंटिमीटर अंतर भरते. इंग्रजांनी जहांगीर बादशहाकडून परवानगी मिळवून सुरतेला वखार घातली, ती या दोरीच्या पहिल्या लांब भागात येते. त्या काळात ते अर्जदार होते, राज्यकर्ते नव्हते. पोर्तुगीजांचे गोव्यातील राज्य मात्र १५१० मध्येच सुरू झाले आणि १९६१ पर्यंत टिकले. ही दुसरी दोरी वेगळ्या रंगाची असावी.

शिक्षकांचा आवडता मार्ग म्हणजे शब्दांची यादी. बटाटा, पाव, चावी, पगार, अननस, काजू, फीत, पिंप, घमेले हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द मुलांना घरातच सापडतात. मिरी नेण्यासाठी आलेल्यांच्या गलबतांतून मिरची आली, हे सांगितल्यावर वर्ग नक्कीच रंगतो. मात्र येथेच पाठ संपविल्यास आगमन ही केवळ देवघेवीची गोड कथा ठरते. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज स्त्रिया-मुलांसह जाळले. समुद्रावर परवाना नसलेल्या जहाजांना लुटण्याची रीत पोर्तुगीजांनी पाडली. चौथी-पाचवीच्या मुलांपुढे याची वर्णने नकोत. परंतु 'त्यांनी बळजबरी केली, जहाजे जाळली, माणसे मारली' हे एक वाक्य गाळणेही योग्य नाही. तपशील माध्यमिक स्तरासाठी ठेवता येतो. सत्य तसे ठेवता येत नाही.

सर्वांत नाजूक बाब वर्गात कोण बसले आहे, याची. दीर्घकाळ महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकविले गेले आणि त्यात पोर्तुगीज शत्रुपक्षात येतात, ते यथार्थही आहे. परंतु शिक्षकाच्या तोंडी 'ते फिरंगी' असा शब्द आला की, मुलांच्या माना डिसोझा किंवा परेरा आडनावाच्या सोबत्याकडे वळण्याची शक्यता असते. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत ज्यांनी धर्म बदलला, ते येथील शेतकरी आणि कोळीच होते. आडनावे लिस्बनची, पण माणसे याच मातीतली. गोव्यातही मोठ्या प्रमाणावर हेच घडले. राज्यकर्ते आणि धर्मांतरित प्रजा यांतील हा भेद शिक्षकाने पाठाच्या आरंभीच, कोणाचेही नाव न घेता, स्पष्ट करावयास हवा.

वसईच्या किल्ल्यावर शालेय सहली जातात आणि चिमाजी अप्पांचा पराक्रम तेथे आवर्जून सांगितला जातो. त्याच परिसरातील सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत आजही कादोडी बोली बोलली जाते. सहलीच्या दिवशी तेथील एखाद्या आजीला वर्गाशी बोलण्यास बोलवावे, आणि तिच्या बोलीतील दहा शब्द मुलांनी वहीत उतरवून आणावेत.