पिशवीबाहेरचे दिवस

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं की नातेवाईक एकमेकांना फोनवर दोनच शब्द सांगतात : 'काचेत ठेवलंय'. एवढ्यात ऐकणाऱ्याला सगळं कळतं. वजन भरलेलं नाही, चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून बाळ पनवेल-कामोठ्याकडे नाहीतर थेट अलिबागला हलवलंय, आणि आता घरातल्या कुणालातरी डबा घेऊन निघायचंय.

याच फोनवर अधूनमधून दुसरी एक काच येऊन पडते. एका भल्यामोठ्या दालनात पारदर्शक गोळ्यांच्या रांगा, प्रत्येकात एक बाळ, आणि खाली मजकूर : आता आईची गरज नाही! २०२२च्या डिसेंबरमध्ये आलेला तो व्हिडिओ हाशेम अल-घैली या चित्रपट बनवणाऱ्या माणसाची कल्पना होती. वर्षाला तीस हजार बाळं 'पिकवणारा' कारखाना त्याने संगणकावर रंगवला आणि त्याला 'एक्टोलाइफ' हे नाव दिलं. ही कल्पना आहे हे त्याने लपवलं नव्हतं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळलं. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये चीनमधल्या गरोदर यंत्रमानवाची बातमी आपल्याकडच्या वाहिन्यांनीही चवीने चालवली. सिंगापूरच्या ज्या विद्यापीठाचं नाव तिच्याशी जोडलं होतं, त्याने असं संशोधन आपल्याकडे झालेलं नाही असं कळवलं. ती दुरुस्ती अर्थातच मूळ बातमीएवढी फिरली नाही.

दोन्ही बातम्यांमागे शब्द एकच होता, एक्टोजेनेसिस. गर्भाची वाढ आईच्या शरीराबाहेर होणं, असा त्याचा सरळ अर्थ. गंमत म्हणजे हा शब्द जन्मला तोच एका कल्पित गोष्टीत.

४ फेब्रुवारी १९२३ रोजी केंब्रिजमध्ये 'हेरेटिक्स' नावाच्या मंडळापुढे जे. बी. एस. हाल्डेन या तिशीतल्या शास्त्रज्ञाने एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'डीडेलस' या नावाने छापला गेला. त्याचा एक भाग असा आहे की, दीडशे वर्षांनंतरचा एक विद्यार्थी मागे वळून विज्ञानाचा इतिहास लिहितो आहे. या विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणे शरीराबाहेर वाढलेलं पहिलं मूल १९५१ साली जन्मलं, फ्रान्सने ही पद्धत सगळ्यांत आधी अधिकृत केली, आणि त्याच्या काळात इंग्लंडमधल्या शंभरातल्या तिसापेक्षाही कमी मुलांना आई जन्म देते. हाल्डेनला भाकीत करायचं होतं त्यापेक्षा श्रोत्यांना डिवचायचं जास्त होतं. आल्डस हक्सलेने १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये हीच कल्पना उचलून तिचा बाटल्यांचा कारखाना केला, आणि तेव्हापासून हा शब्द उच्चारला की लोकांना कारखानाच दिसतो. हा हाल्डेन आपल्याला अगदीच परका नाही. १९५७ साली तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, सदरा-पायजम्यात वावरू लागला, भारताचा नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. शंभर वर्षं ज्या शब्दाने जगभर गोंधळ घातला, त्याचा बाप भारतीय नागरिक म्हणून गेला, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

गोंधळ कुठे होतो ते आधी पाहू. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे एक्टोजेनेसिस नाही. तिथे फलन बाहेर होतं, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत भ्रूण पिशवीत सोडलं जातं आणि पुढचं सगळं आई करते. सरोगसीही नाही, कारण तिथे पिशवी दुसरीची असली तरी बाईचीच असते. कुणी 'बाह्य गर्भधारणा' असा शब्द वापरला की डॉक्टरच्या डोळ्यापुढे नळीत राहिलेला गर्भ येतो, तो तर जिवावरचा प्रसंग. आणि काचेत ठेवलेलं बाळ? ते जन्मलेलं असतं. स्वतः श्वास घेतं, किंवा त्याला श्वास दिला जातो. दूध त्याच्या पोटात जातं. पेटी त्याला ऊब देते, पण वारेचं काम करत नाही.

सगळा प्रश्न या वारेचा आहे. बाळ बाहेर आल्यावर ती पडते आणि आपण तिला पुरून मोकळे होतो, पण नऊ महिने तीच गर्भाचं फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडं असते. शिवाय संप्रेरकं तयार करते आणि आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं बाळाकडे पोचवते. गांधारीच्या गर्भाचे तुकडे तुपाच्या घड्यांत वाढवल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. २०१९च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी त्या कथेवरून कौरव टेस्ट ट्यूब बेबी होते असं सांगून टाकलं. कथाकाराच्या कल्पनाशक्तीला माझा नमस्कार. पण त्या घड्यात वार कशाची होती, हे महाभारत सांगत नाही आणि कुलगुरूंनीही सांगितलं नाही.

प्रत्यक्षातलं काम कसं चाललंय हे चौकच्या माणसाला समजावणं सोपं आहे. बोरघाटातला बोगदा जसा दोन्ही तोंडांनी खणतात, तसं हेही दोन बाजूंनी खणलं जातंय. एक तोंड गर्भधारणेच्या पहिल्या दिवसाकडे, दुसरं बाळंतपणाकडे.

पहिल्या तोंडाची आपली हकिगत मुंबईत घडली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याआधी कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८च्या ऑक्टोबरमध्येच हे करून दाखवलं होतं. सरकारी समितीने त्यांची टर उडवली, १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे आनंद कुमारांनी त्यांची टिपणं वाचली आणि पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे, असं १९९७ साली स्वतःच जाहीरपणे लिहिलं. स्वतःच्या नावावरचा विक्रम असा सोडून देणारा माणूस विज्ञानातही विरळा.

त्यानंतर हे तोंड फार पुढे सरकलेलं नाही. २०१६मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांनी मानवी भ्रूण बारा-तेरा दिवस बशीत वाढवलं आणि तिथे थांबवलं. चौदा दिवसांपलीकडे जायचं नाही असा जगभर पाळला जाणारा संकेत आहे, भारताच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच मर्यादा आहे. उंदरांना असली मर्यादा नसते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब हॅना यांनी २०२१मध्ये उंदराचे भ्रूण फिरत्या बाटल्यांत सुमारे अकराव्या दिवसापर्यंत वाढवले. उंदराचा गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा, म्हणजे निम्मा रस्ता. पुढे बाटलीतलं पोषण अपुरं पडलं. पुन्हा वारच.

दुसऱ्या तोंडाची गोष्ट जास्त रंगतदार आहे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि १८८०च्या सुमारास तसंच माणसाच्या पोरांसाठी करून घेतलं. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने या पेट्या अमेरिकेत नेल्या. इस्पितळांना त्यांत रस नव्हता, म्हणून त्याने त्या न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत मांडल्या. १९०३ ते १९४३, चाळीस वर्षं! लोक तिकीट काढून मूठभर पोरं बघायचे, त्या पैशावर नर्सचे पगार निघायचे, आईबापांकडून दमडी घेतली जात नसे. कूनी खरोखर डॉक्टर होता की नाही याबद्दल शंका आहे, त्याने हजारो मुलं वाचवली याबद्दल नाही. खोपोलीच्या इमॅजिकात उंच पाळण्याशेजारी नवजात कक्ष आहे अशी कल्पना करून बघा, म्हणजे तो प्रकार किती विचित्र होता ते कळेल.

पेटीला एक सीमा आहे. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्याच्या आधी फुप्फुसं हवेसाठी तयारच नसतात, आणि त्यानंतरचे काही आठवडेही हवा भरून त्यांना इजा होते. मग हवेत आणायचंच नाही, पाण्यातच ठेवायचं, असा विचार पुढे आला. टोकियोत योशिनोरी कुवाबारा यांनी नव्वदच्या दशकात बकरीचे गर्भ कोमट द्रवाच्या टाकीत काही आठवडे जगवले. मोठी उडी मारली ती फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने. ॲलन फ्लेक, एमिली पॅट्रिज, मार्कस डेव्ही आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०१७मध्ये जाहीर केलं की मेंढीची अपुऱ्या दिवसांची कोकरं त्यांनी एका बंद पारदर्शक पिशवीत चार आठवड्यांपर्यंत वाढवली. आपल्याकडच्या बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. फिलाडेल्फियाच्या त्या शास्त्रज्ञांच्या हातातही शेवटी पिशवीच आली.

त्या पिशवीचं कौशल्य पंप नसण्यात आहे. कोकराच्या नाळेतल्या रक्तवाहिन्या नळ्यांनी एका छोट्या ऑक्सिजनेटरला जोडलेल्या असतात आणि त्यातून रक्त ढकलायचं काम कोकराचं स्वतःचं हृदय करतं. आधीच्या प्रयोगांत बाहेरच्या पंपाच्या जोराने इवलं हृदय दमायचं, उघड्या टाक्यांत जंतू शिरायचे. इथे पिशवी बंद, आणि कृत्रिम गर्भजल सतत ताजं येत राहतं. कोकरू ते गिळतं, फुप्फुसात घेतं, डोळे उघडतं, त्याला लोकर येते.

मग माणसासाठी का नाही? कारण तेवढ्याच टप्प्यावरचं माणसाचं बाळ कोकरापेक्षा कितीतरी लहान, अर्धा किलोच्या आसपास. नाळ कापताक्षणी तिच्या वाहिन्या आकसतात, त्यांत नळी घालायला मिनिटंच मिळतात. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं, तर तेविसाव्या आठवड्याच्या मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांतून रक्तस्राव होण्याची भीती. कोकराच्या मेंदूची घडण वेगळी असल्याने हा धोका त्याच्यावरून नीट तपासता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२३मध्ये तज्ज्ञांची बैठक बोलावून माणसांवरच्या पहिल्या चाचण्या कशा घ्याव्यात याची चर्चा केली. शिवाय आईचं पोट उघडल्याशिवाय बाळ पिशवीत जात नाही. इतक्या लवकरचं सिझेरियन तिला पुढच्या बाळंतपणांत त्रास देऊ शकतं. 'आईची गरज नाही' म्हणणाऱ्यांनी निदान ही चिरफाड कुणाची होणार हे सांगावं.

हिशेब असा राहतो. एका बाजूने पहिले चौदा दिवस, दुसऱ्या बाजूने बाविसावा आठवडा. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणून दोनेक आठवडे वजा करा. मधले सुमारे अठरा आठवडे आजही फक्त आईच्या शरीराला जमतात. कुवाबारांपासून फ्लेकपर्यंतचं सगळं काम आंशिक एक्टोजेनेसिस या नावाखाली येतं. पूर्ण एक्टोजेनेसिस, हाल्डेनचं आणि व्हिडिओतलं, अजून कुठल्याच सस्तन प्राण्यात झालेलं नाही. बातमी वाचताना पहिली चौकशी यांतलं कुठलं, याचीच करावी.

त्या मधल्या आठवड्यांना हात लावायचा झाला तर पिशवीच हलवावी लागते. ते पुण्यात झालं. गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी मे २०१७मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, आईचं गर्भाशय मुलीला. लगेच दुसऱ्या दिवशी आणखी एक केलं, आणि त्या दुसऱ्या बाईला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी मुलगी झाली. ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत तिची लेक वाढली! तीही बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, दीड किलोच्या आत वजनाची. हे एक्टोजेनेसिसच्या अगदी उलट टोकाचं काम आहे, पण यंत्राला जे जमत नाही ते यातून स्पष्ट दिसतं. त्याच महाराष्ट्रात पुढच्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात म्हणून शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुण्याची बातमी पहिल्या पानावर होती. बीडच्या बायका तिथवर पोचेपर्यंत कित्येक हंगाम गेले होते.

इर्शाळगड-प्रबळगडाच्या अंगाखांद्यावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांना या सगळ्याचं काय? २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. यांतली बहुतेक बत्तीस ते सदतीस आठवड्यांची असतात, त्यांना फिलाडेल्फियाची पिशवी लागत नाही. त्यांना ऊब लागते, दूध लागतं, आणि वाडीवरून झोळीत घालून आईला उतरवावं लागणार नाही असा रस्ता लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळांची देखभाल केली. तिथले बालमृत्यू किती घटले हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं : नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. त्यांच्याही सामानात एक पिशवी होती, बाळाला गुंडाळून ठेवायची, साधी उबदार. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती अशाच पोरांसाठी. वारेने जी रोगप्रतिकारक द्रव्यं द्यायची राहून जातात, त्यांतली काही तरी आईच्या दुधातून मिळतात. फिलाडेल्फियाची पिशवी तयार झाली तरी ती आधी मुंबईच्या दोन-चार महागड्या रुग्णालयांत येईल. मला तिचं कौतुक आहेच. पण चौकमध्ये कमी वजनाच्या बाळाला पहिल्या तासात छातीशी धरून उबेत ठेवणारी नर्स असेल, तर तेवढ्याच काळात तिच्या हातून जास्त पोरं वाचतील.

कायद्याची अडचण मात्र मुंबईइतकीच चौकलाही येईल. २०२१चे प्रजनन तंत्रज्ञान आणि सरोगसीचे दोन्ही कायदे पिशवी बाईचीच धरून लिहिलेत. २००८मध्ये डॉ. निखिल दातार आणि त्यांच्याकडचं एक जोडपं गर्भाच्या हृदयदोषासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा गर्भपाताची वीस आठवड्यांची मर्यादा आडवी आली. २०२१मध्ये ती काही बायकांपुरती चोवीस झाली. बाविसाव्या आठवड्याचा गर्भ उद्या पिशवीत जगू लागला, तर ही रेघ पुन्हा कोर्टात ओढली जाणार, आणि या खेपेला तिच्यावर हक्क सांगणारे जास्त असतील.

आणि जन्माची नोंद? १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आल्यावर श्वास किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली की बाळ जिवंत जन्मलं असं मानतो. पिशवीतलं बाळ श्वास घेत नाही, पण हृदय धडधडतंय, म्हणजे पोटातून काढलं तोच त्याचा वाढदिवस. नोंदणी अधिकारी दाखला देऊन मोकळा होईल. आजीचं एवढ्याने भागणार नाही. सोयर कुठल्या दिवसापासून धरायचं, बाळ पाण्यात असताना बाराव्या दिवशी बारसं करायचं का, आणि पत्रिका पोटातून काढल्याच्या वेळेवर मांडायची की पिशवीतून काढल्याच्या, हे ती खोपोलीच्या गुरुजींना विचारणारच. सिझेरियनचा मुहूर्त काढून द्यायची सवय गुरुजींना आताशा झालेली आहेच.